दुःख कोणाचं? मार्क लॅनेगनच्या पहिल्या एकल रेकॉर्डच्या निमित्तानं

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं आपल्याला अडचणीत टाकलं होतं. त्याचा प्रश्न साधा होता. ज्यानं ते दुःख भोगलेलं नाही, त्यानं ब्लूज गावा का? आणि गायलाच, तर ते खोटं नाही का? तेव्हा आम्ही ‘पुढच्या वेळी बोलू’ म्हणून वेळ मारून नेली. आज बोलायलाच हवं. पण हवेत बोलण्यापेक्षा एक रेकॉर्ड समोर ठेवून बोलू.

ही रेकॉर्ड म्हणजे मार्क लॅनेगनची ‘द वाइंडिंग शीट’. १९९० साली अमेरिकेतल्या सब पॉप कंपनीनं ती काढली. वाइंडिंग शीट म्हणजे प्रेताला गुंडाळायचं वस्त्र, आपण ज्याला कफन म्हणतो ते. गायक तेव्हा पंचविशीचा होता. पंचविसाव्या वर्षी पहिल्याच रेकॉर्डला असं नाव द्यायचं यात थोडा तारुण्याचा आव आहे, हे मान्य करून पुढे जाऊ.

लॅनेगन स्क्रीमिंग ट्रीज या रॉक बँडचा गायक. बँडमध्ये गिटार आणि बेस वाजवणारे दोघे सख्खे भाऊ, आणि वाद्यांचा गदारोळ एवढा की गायकाला त्यावरून ओरडावं लागे. या माणसाचं नाव निघालं की लोक लगेच सिएटलच्या पावसाबद्दल बोलू लागतात. पण तो वाढला एलेन्सबर्गला, म्हणजे कॅस्केड पर्वताच्या पलीकडे, पर्जन्यछायेत. महाबळेश्वरच्या पावसाचं वर्णन करून माणदेशातल्या माणसाचा स्वभाव समजावून सांगण्यासारखंच आहे हे! मुलूख कोरडा, गवताच्या शेतीचा.

रेकॉर्डचा जन्म एका फसलेल्या बेतातून झाला. १९८९ साली लॅनेगन आणि कर्ट कोबेन या दोघांना लेडबेलीच्या गाण्यांचं वेड लागलं. सोबत बेसवर क्रिस्ट नोव्होसेलिक, ड्रम्सवर मार्क पिकरेल. लेडबेलीच्या गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड करायची असं ठरलं, थोडं ध्वनिमुद्रण झालं, आणि बेत बारगळला. त्यातलं एक गाणं, ‘व्हेअर डिड यू स्लीप लास्ट नाइट’, लॅनेगनच्या स्वतःच्या रेकॉर्डमध्ये आलं. बाकीची गाणी त्यानं नवी केली. त्याला गिटारचं ज्ञान बेताचंच, म्हणून माइक जॉन्सन या मित्रानं सुरावटींना आकार दिला, आणि जॅक एंडिनोनं ध्वनिमुद्रण सांभाळलं.

आता ऐकताना काय होतं ते बघा. ब्लूजचा नेहमीचा बारा मात्राखंडांचा साचा इथे फारसा नाही. गाणी संथ आहेत, वाद्यं मोजकी, बहुतेक ठिकाणी साधी गिटार पुढे, आणि दोन सुरांच्या मध्ये रिकामी जागा भरपूर. बँडमध्ये ओरडणारा तोच माणूस इथे खाली खर्जाकडे उतरतो, जवळजवळ बोलतो. ‘डाउन इन द डार्क’मध्ये कोबेन मागून साथीला गातो, तिथे जुना गदारोळ क्षणभर परत येतो; आम्हाला ते गाणं या रेकॉर्डमध्ये थोडं उपरं वाटतं. ‘अग्ली संडे’ मात्र ऐकाच.

याला सगळे ‘वातावरण’ म्हणतात. हा शब्द आपण सहज वापरतो. घरात पाऊल टाकताच ‘आज वातावरण तंग आहे’ म्हणतो. ते तंगपण कुठे असतं? भिंतीत नसतं, आणि केवळ आपल्या मनातही नसतं, कारण आपण तर बाहेरून हसत आलेलो असतो. गेर्नोट ब्योमे या जर्मन तत्त्वज्ञानं वातावरणाची जागा नेमकी तिथे दाखवली: वस्तू आणि अनुभवणारा यांच्या मधे. लॅनेगनच्या रेकॉर्डमधली उदासी अशी मधे आहे. ती निर्माण केलेली आहे. लय मंद ठेवून, आवाज खाली आणून, वाद्यं गाळून. एलेन्सबर्गला दुःखी माणसं पुष्कळ असतील; त्या सगळ्यांनी काही अशी रेकॉर्ड केली नाही.

इथे आपले जुने आचार्य मदतीला येतात. भट्ट लोल्लट म्हणे, रस मुळात रामाचा, नटाकडे तो केवळ आरोपानं येतो. शंकुक म्हणे, चित्रातला घोडा पाहून आपण ‘घोडा’ म्हणतो, तसं नटावरून आपण भावाचं अनुमान करतो. भट्ट नायक आणि पुढे अभिनवगुप्त यांनी हा वादच वेगळ्या वाटेनं नेला: भाव ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ राहतच नाही, तो साधारण होतो. आपल्या श्रोत्याचा प्रश्न हा खरं तर लोल्लटाचा प्रश्न आहे. दुःख लेडबेलीचं, मग या गोऱ्या पोरांकडे ते आलं कुठून?

तर लोल्लटाचंच बोट धरून मूळ मालक शोधू. लेडबेली, म्हणजे हडी लेडबेटर, लुइझियानातला कृष्णवर्णीय गायक. जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स या पितापुत्रांनी १९३३ साली अँगोलाच्या तुरुंगात त्याचं गाणं मुद्रित केलं. दुःख भोगलेलं हवं असेल, तर याच्याइतकं कोणी भोगलं? पण हे गाणं त्याचंही नाही! ते अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागातलं जुनं लोकगीत, ‘इन द पाइन्स’ या नावानंही ओळखलं जाणारं. १९१७ साली सेसिल शार्पनं त्याचा एक पाठ टिपून ठेवला होता. लेडबेलीनंही ते कुणाकडून तरी ऐकून घेतलं आणि आपलं केलं. म्हणजे मालक शोधत मागे जावं तर दार उघडतं, आत दुसरं दार.

पण इथेच थांबलो तर आपण फार स्वस्तात सुटलो. भाव साधारण होतो, पैसा होत नाही. लेडबेलीचं ‘गुडनाइट, आयरीन’ वीव्हर्सनी गायलं आणि ते १९५० साली अमेरिकाभर गाजलं. लेडबेली डिसेंबर १९४९मध्येच वारला होता. कृष्णवर्णीयांचं गाणं आणि इतरांची कमाई हा हिशेब अभिनवगुप्त मिटवू शकत नाही. ‘गावं का’ आणि ‘कुणाला काय मिळालं’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. आपला श्रोता दुसऱ्या प्रश्नानं अस्वस्थ होता आणि विचारत होता पहिला, असं आता आम्हाला वाटतं.

आणि ‘भोगल्याशिवाय गाऊ नये’ या मताची आम्हाला भीतीही वाटते. नोव्हेंबर १९९३मध्ये कोबेननं निर्वाणाच्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमाचा शेवट याच गाण्यानं केला, लेडबेलीचं नाव आवर्जून घेऊन. ऐकलंत तर लॅनेगनच्या मांडणीची सावली दिसेल. शेवटच्या कडव्यात तो आवाज वरच्या सप्तकात फेकतो. पाचच महिन्यांत त्यानं आत्महत्या केली, वय सत्तावीस. तेव्हापासून लोक ती किंकाळी मृत्यूचा पुरावा म्हणून ऐकतात. अहो, ती किंकाळी म्हणजे कुठे चढायचं आणि कुठे थांबायचं हे जाणणाऱ्या गायकाचं काम आहे! लॅनेगननंही व्यसनात अनेक वर्षं घालवली, पुढे आत्मचरित्रात ती निर्दयपणे लिहिली, आणि २०२२ साली तो सत्तावन्नाव्या वर्षी गेला. चांगलं गाण्यासाठी ही किंमत द्यावीच लागते, असं विशीतल्या पोरांना सांगणारे लोक आम्ही पाहिले आहेत. आमच्या वर्गातही असा एक मुलगा होता, कविता करणारा. त्याला वेळेवर ‘हे खोटं आहे’ असं ठणकावून सांगायचं आमच्याकडून राहून गेलं.

असो. आता गाणंच ऐकू. आधी लेडबेलीचं, नंतर लॅनेगनचं, मधे कुणी बोलू नका. मोबाइल तेवढे बंद करा.