बाळ ‘गुणी’ आहे की उपाशी? दूध पिताना झोपणाऱ्या तान्ह्याला जागं कसं ठेवायचं

‘माशाअल्लाह, किती गुणी बाळ! रडत नाही, कुणाला त्रास नाही, नुसतं झोपतं.’ बाळंतिणीच्या खोलीत हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. दादी-नानी कौतुक करतात, थकलेल्या आईलाही हायसं वाटतं. पण पहिल्या दोन आठवड्यांत असं कौतुक करण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, असं आम्हाला वाटतं : हे बाळ पोट भरून झोपलंय, की पोट न भरल्यामुळे?

तान्हं बाळ इतकं का झोपतं?

जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी बाळाला गाढ झोप असते, ते स्वाभाविक आहे. दूध ओढणं हीसुद्धा त्याच्यासाठी मेहनत असते. त्यात आईच्या अंगाची ऊब मिळाली की पाच मिनिटांत डोळे मिटतात. नवव्या महिन्याआधी जन्मलेली, कमी वजनाची आणि कावीळ झालेली बाळं जास्तच सुस्त असतात. बाळंतपणात आईला दिलेल्या काही औषधांचीही गुंगी बाळाला येऊ शकते.

खरी अडचण पुढे आहे. बाळ झोपतं म्हणून दूध कमी जातं, आणि दूध कमी गेलं की अंगात जागं राहायची ताकद उरत नाही. काविळीचा पिवळा घटक शीवाटे बाहेर पडतो. दूध कमी तर शी कमी, शी कमी तर कावीळ जास्त आणि कावीळ वाढली की झोपही वाढते. इकडे स्तन रिकामे न झाल्याने आईचं दूधही कमी होऊ लागतं. भूक लागली तर रडेलच की, असं आपण म्हणतो. पण अशक्त बाळाला रडायचंही बळ नसतं.

किती वेळाने उठवायचं?

नवजात बाळाला 24 तासांत 8 ते 12 वेळा दूध मिळायला हवं. मागच्या वेळी दूध प्यायला सुरुवात केल्यापासून तीन तास झाले, तर झोपलेल्या बाळालाही उठवावं. रात्रीही. इशापासून फज्रपर्यंतचा वेळ मोठा असतो आणि नेमकी तिथेच पाजायची वेळ चुकते. इथे बाळाच्या अब्बूंनी मोबाईलचा गजर आपल्याकडे घ्यावा. बाळाला उठवून, लंगोट बदलून आईच्या हातात देणं हे काम त्यांचंही आहे.

बाळ हलक्या झोपेत असताना उठवणं सोपं जातं. पापण्यांखाली डोळे फिरणं, ओठ हलणं, मूठ तोंडाकडे जाणं, मान वळवून काहीतरी शोधणं या खुणा दिसल्या की लगेच जवळ घ्यावं. रडं ही भुकेची शेवटची खूण आहे.

जागं कसं करायचं, जागं कसं ठेवायचं?

- दुपट्याची घट्ट गुंडाळी सोडा. टोपी, मोजे, झबलं काढून फक्त लंगोटावर बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवा आणि पाठीवरून पांघरूण घाला. आईच्या अंगाचा वास आणि स्पर्श यानेच बरीच बाळं हालचाल करू लागतात.
- तळपाय, पाठ, तळहात हळूच चोळा. मानेला आधार देऊन सरळ धरा, नाव घेऊन बोला. डोळ्यांवर येणारा दिवा मंद करा, प्रखर उजेडात बाळ डोळे घट्ट मिटून घेतं.
- पकड नीट आहे का पाहा. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि नुसतं बोंड नव्हे तर भोवतालचा काळा भागही तोंडात हवा.
- ओढणं थांबलं की अंगठा वर आणि बोटं खाली ठेवून स्तन हलकेच दाबून धरा. दुधाची धार आली की बाळ पुन्हा गिळू लागतं. मग सोडा, थांबलं की पुन्हा दाबा.
- तरीही झोपलं, तर बाळाला अलग करा, ढेकर काढा, लंगोट बदला आणि दुसऱ्या बाजूला घ्या. गरज पडली तर परत पहिल्या बाजूला.

तोंडावर गार पाणी मारणं, चिमटे काढणं, जोरात हलवणं हे मात्र कधीच नको. साखरपाणी, घुट्टी किंवा मध चाटवल्याने बाळ जागं होत नाही, उलट दुधाची भूक मरते. एक वर्षाखालच्या बाळाला मध तर धोक्याचाच, त्यामुळे तहनीकसाठीही मध वापरू नये.

मालीश-आंघोळीनंतर बाळ चार-पाच तास झोपतं, म्हणून आंघोळ झाल्या झाल्या आधी पाजावं. अकीक्याच्या दिवशीही हीच काळजी. पाहुण्यांच्या हातातून हातात फिरताना दोन वेळचं दूध कधी चुकलं ते कळतसुद्धा नाही. ‘आता बाळाची दुधाची वेळ झाली’ हे सासूबाईंनीच सांगितलं, तर सुनेला संकोच वाटत नाही.

पोट भरतंय हे कसं ओळखायचं?

घड्याळापेक्षा लंगोट जास्त खरं सांगतो. पाचव्या दिवसापासून 24 तासांत निदान सहा वेळा फिकट रंगाची लघवी व्हावी, आणि काळी शी बदलून पिवळी झालेली असावी. पिताना गिळल्याचा आवाज यावा. सुरुवातीला वजन थोडं घटतं, पण साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनाइतकं व्हायला हवं. ते झालं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की सुदृढ बाळाला रात्री मुद्दाम उठवायची गरज राहत नाही.

आशाताई पहिल्या सहा आठवड्यांत ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळाचं वजन करतात. ‘चिल्ला आहे’ म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवू नका.

इथे थांबायचं नाही

बाळ उठवूनही उठत नाही, लागोपाठ दोन वेळा दूध घेत नाही, लघवी कमी झाली किंवा चौथ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग पडतात, पिवळेपणा पहिल्याच दिवशी दिसला किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोचला, अंग तापलं किंवा पोटही थंड लागतं, श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त, झटके : यातलं काहीही दिसलं तर तासाभराचीही वाट न पाहता दवाखाना गाठा. कोवळं ऊन हा काविळीवरचा इलाज नव्हे. आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार मिळतात. महाराष्ट्रात 102 किंवा 108 वर फोन केला की गाडी येते.

सूरह बकरामध्ये पूर्ण दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे. त्या दोन वर्षांचा पाया याच पहिल्या दोन आठवड्यांत घातला जातो, आणि तो एकट्या आईच्या अंगावर टाकून चालणार नाही. घरातल्या कुणीतरी रात्री दोन वाजता उठून म्हणावं, ‘तू बस, मी बाळाला उठवून आणतो.’