राईस मिलचा रबर रोल लवकर का झिजतो? कारण आहे रबरात मिसळलेल्या पावडरीत

गोंदिया : धानाची मळणी आटोपली की जिल्ह्यातल्या राईस मिलसमोर पोत्यांच्या थप्प्या लागतात. तिरोडा असो की अर्जुनी मोरगाव, हंगामात एक तक्रार ठरलेली. मागच्या जोडीने भरपूर धान सोलला, ही जोडी मात्र अर्ध्यातच संपली. दोन्ही रोल दिसायला सारखे, मापही तेच. मग फरक कुठला? रबरात काय मिसळलं आहे, त्याचा.

शेलरमध्ये दोन रबर रोल समोरासमोर, उलट दिशेने फिरतात. एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा साधारण पाव हिश्शाने जास्त असतो. मधली फट दाण्याच्या जाडीपेक्षा थोडी कमी. दाणा दोघांत सापडला की एक बाजू पुढे ओढली जाते, दुसरी मागे राहते आणि तूस निघून येतं. म्हणजे रोलने दाणा घट्ट धरलाही पाहिजे आणि स्वतः झिजताही कामा नये. दोन्ही एकत्र साधणं सोपं नाही.

त्यात धानाचं तूस म्हणजे साधी गोष्ट नव्हे. वाळूत असते तीच सिलिका तुसात असते. तूस जाळल्यावर उरणाऱ्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिकाच भरते. प्रत्येक दाणा रोलवरून बारीक पॉलिशपेपर घासून जातो म्हणा ना.

निव्वळ रबर या माराला टिकत नाही, म्हणून कारखान्यात त्यात पावडर मिसळतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोटारीचे टायरही फिक्कट रंगाचे असत आणि लवकर झिजत. काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळायला लागल्यावर टायर काळे झाले आणि त्यांचं आयुष्य कितीतरी पट वाढलं. काजळीचा कण केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. इतका बारीक कण रबराच्या धाग्यांना चिकटून बसतो, त्यामुळे घासताना रबर सहजी फाटत नाही.

तांदळाला मात्र काळे डाग चालत नाहीत. म्हणून पांढऱ्या किंवा बदामी रोलमध्ये काजळीऐवजी बारीक सिलिका घालतात. तुसातल्या सिलिकेनेच रबर झिजतं आणि सिलिकाच रबर टिकवते, हे ऐकायला उलटं वाटेल. पण रबरात घालायची सिलिका काजळीसारखीच अतिबारीक असते. तिला पाण्याची ओढ जास्त, रबराची कमी, म्हणून दोघांना जोडणारं वेगळं रसायन टाकावं लागतं. इथे कंजुषी झाली की सिलिका असूनही रोल टिकत नाही.

खरी मेख स्वस्त मालात आहे. खडूची पूड किंवा चिनी माती घातली की रबर कमी लागतं, रोल कडक होतो आणि वजनही भरतं. पण साध्या खडूचे कण मोठे असतात आणि ते रबराला नीट धरत नाहीत. घासता घासता कण निखळतात, खड्डा पडतो आणि तिथून रबर उसवत जातं. त्यामुळे कडक म्हणजे टिकाऊ आणि वजनदार म्हणजे दमदार, हा समज चुकीचा. खडू रबराच्या जवळपास तिप्पट जड असतो! एकाच मापाच्या, आतला ड्रम सारखाच असलेल्या दोन रोलपैकी एक बराच जड लागला, तर दुकानदाराला विचारायला हरकत नाही.

चांगली पावडरही अती झाली तर घात करते. रबराची लवचिकता जाते, रोल चकचकीत होऊन दाणा निसटतो. मग ऑपरेटर दाब वाढवतो. दाबाने रोल तापतो, तापला की आणखी झिजतो आणि इकडे कणी वाढते. शेतकऱ्याचं नुकसान इथेच. भरडून आणलेल्या तांदळात कणी जास्त निघाली की तो धानाच्या वाणाला दोष देतो. शासकीय भरडाईत साध्या धानाचा क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो, त्यात तुकड्याला मर्यादा. म्हणजे मिलवाल्यालाही हे परवडत नाही.

यावर उपाय वहीचा. जोडी कधी बसवली, किती क्विंटल धान सोलला, कणी किती निघाली, एवढं लिहून ठेवलं की क्विंटलमागे रोलचा खर्च किती ते कळतं. पाचशे रुपयांनी स्वस्त मिळालेली जोडी कधी कधी महाग पडलेली दिसेल. जलद फिरणारा रोल आधी झिजतो, म्हणून दोघांची अदलाबदल वेळेवर करावी. नाहीतर वेगातला फरक कमी होतो आणि न सोललेला धान परत परत फिरत राहतो. ओला धान घातला तरी सोलाई बिघडते, तेव्हा रोलला शिव्या देण्याआधी ओलावा बघावा.

तुसाची राख मिलमध्ये ढिगाने पडते, तीच रबरात का घालू नये, असं कुणी विचारेल. गुडइयरसारख्या टायर कंपनीने तुसाच्या राखेतून काढलेली सिलिका टायरमध्ये वापरलीही आहे. पण राख जशीच्या तशी चालत नाही, तिचे कण मोठे असतात आणि खडूसारखाच प्रकार होतो. आधी ती कॉस्टिक सोड्यात विरघळवून मग सिलिकेचा अतिबारीक साका पाडावा लागतो, आणि ते काम कारखान्याचं आहे.