मास्क हनुवटीवर का उतरला?

कोरोनाच्या साथीत मुंबई महापालिकेने 8 एप्रिल 2020 रोजी सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा केला. राज्यातली सक्ती उठली ती 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याला. या दोन वर्षांत मास्क लावायला हवा हे ठाऊक नसलेला माणूस शोधूनही सापडला नसता. फोन लावला की आधी तीच सूचना कानावर पडायची. तरीही भाजीवाल्याला भाव विचारताना मास्क हनुवटीवर यायचा. बोलताना तोंडातून तुषार जास्त उडतात, म्हणजे गरज असायची तेव्हाच तोंड उघडे. नाक बाहेर ठेवणाऱ्यांची तर गणतीच नव्हती.

हे केवळ अज्ञान नव्हते. 1911 मध्ये चीनमधल्या मांचुरियात फुफ्फुसाच्या प्लेगची साथ होती. पेनांगमध्ये जन्मलेले डॉ. वू लिएन-ते कापूस आणि गॉझचा मास्क लावा म्हणून सांगत होते. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांनी ते मानले नाही. मास्क न लावता ते रुग्ण तपासायला गेले आणि काही दिवसांतच प्लेगने दगावले. ज्ञान त्यांच्याकडे कमी नव्हते.

मग माणूस मास्क कशाने लावतो? याचे सर्वांत भक्कम उत्तर शेजारच्या बांगलादेशातून मिळाले. नोव्हेंबर 2020 पासून तिथल्या सुमारे 600 गावांत, जवळपास 3 लाख 42 हजार प्रौढांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या गावांत घरोघरी फुकट मास्क वाटले. ते का लावायचे हे सांगणारा व्हिडिओ दाखवला, त्यात क्रिकेटपटू शाकिब अल हसनही होता. मशिदीत इमामांनी विषय काढला. बाजारात कार्यकर्ते उभे राहिले आणि उघड्या तोंडाने येणाऱ्याला शांतपणे आठवण करून देऊ लागले. मोहीम नसलेल्या गावांत मास्क नीट लावणारे 13 टक्के होते, मोहिमेच्या गावांत 42 टक्के. मोबाइलवरच्या संदेशांनी किंवा गावाला देऊ केलेल्या बक्षिसांनी यात भर पडली नाही. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत साठीपुढच्या लोकांमध्ये लक्षणांसह झालेली, रक्ततपासणीत सिद्ध झालेली लागण सुमारे 35 टक्क्यांनी कमी आढळली. कापडी मास्कचा फायदा इतका स्पष्ट दिसला नाही.

आपल्याकडे भर होता दंडावर. मुंबईत 200 रुपयांची पावती फाडली जायची. त्यातून लोकांनी पावती फाडणाऱ्या मार्शलला चुकवायचे शिकून घेतले; तो दिसला की मास्क वर, तो वळला की खाली. दंड अजिबात नको होता असे मी म्हणणार नाही. पण पावती फाडणाऱ्या हातांनी आधी मास्क पुढे केला असता, तर बऱ्याच लोकांनी ऐकले असते. तोंड झाकणे आपल्याला परके नाही. पुण्यात दुचाकीवरच्या मुली धूळ आणि उन्हासाठी कोरोनाच्या कितीतरी आधीपासून चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळत आल्या आहेत, तेही कुणी न सांगता.

गोंधळ वरूनही झाला. निरोगी माणसाला मास्कची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सुरुवातीला सांगत होती. संसर्ग पसरत असलेल्या भागांत, अंतर राखणे शक्य नसेल तिथे सर्वांनी कापडी मास्क लावावा, हा सल्ला आला 5 जून 2020 रोजी. लक्षणे नसलेला माणूसही विषाणू पसरवतो हे तोवर उमगले होते. सल्ला बदलला हे योग्यच झाले, पण का बदलला हे गावोगावी कुणी समजावून सांगितले नाही. त्यामुळे मास्क स्वतःच्या बचावापुरता मानला गेला, समोरच्यासाठी तो लावायचा असतो हे मागेच राहिले.

मास्कची गरज कोरोनाबरोबर संपलेली नाही. क्षयरोग आजही खोकल्यावाटे, हवेतूनच पसरतो. तेव्हा खोकला असेल तर एसटीत बसताना, दवाखान्यात नंबर लावून थांबताना नाक झाकेल असा मास्क लावा. खिशात एक जास्तीचा ठेवा आणि शेजारी खोकणाऱ्याला तो द्या.