गोलफलक जे सांगत नाही

भरतीचे पाणी मागे सरले, की अलिबागपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंत ओल्या वाळूचे जे सपाट मैदान उघडे पडते, ते कोणत्याही क्रीडासंकुलाहून विस्तीर्ण आणि सर्वस्वी विनामूल्य असते. कबड्डी हा रायगड जिल्ह्याचा प्राण खरा. तथापि या वाळूवर फुटबॉलही रंगतो. दोन काठ्या रोवल्या, की गोल तयार! त्या काठ्यांमध्ये उभे राहण्याची कामगिरी मात्र बहुधा सर्वांत धाकट्या किंवा पळण्यात मागे पडणाऱ्या मुलाच्या माथी मारली जाते. त्यांतलाच एखादा पुढे शाळेच्या संघात गोलरक्षक होतो, तालुक्याच्या स्पर्धेत उतरतो आणि निवडीच्या वेळी त्याच्या नावापुढे एकच आकडा उरतो: याने किती गोल खाल्ले?

हा आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. आणि अपुऱ्या आकड्याच्या आधारे झालेला अन्याय हा उघड पक्षपाताहून अधिक काळ टिकतो, कारण त्याला न्यायाचा आव आणता येतो.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका बलाढ्य शाळेच्या गोलरक्षकाकडे सामन्यात गोलाच्या रोखाने ४ फटके आले आणि २ आत गेले. दुसऱ्या, दुबळ्या शाळेच्या गोलरक्षकाकडे १२ फटके आले आणि ४ आत गेले. गोलफलक म्हणेल, पहिला बरा. परंतु पहिल्याने निम्मे फटके अडवले, दुसऱ्याने दोन तृतीयांश. खाल्लेले गोल हे पुष्कळ अंशी साऱ्या संघाचे मोजमाप असते; अडवलेल्या फटक्यांचे प्रमाण गोलरक्षकाच्या अधिक जवळ जाते. कबड्डीच्या जाणकार प्रेक्षकाला हे शिकवावे लागत नाही. चढाईपटूने १० गुण मिळवले असे सांगताच तो विचारतो, ‘किती चढायांत?’ फुटबॉलच्या बाबतीत हाच प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला लागलेली नाही, इतकेच.

२०१४ च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध अमेरिकेच्या टिम हॉवर्डने किमान १५ फटके अडवले. सामना अमेरिकेने १-२ असा गमावला. तरीही पराभूत संघाचा हा गोलरक्षक त्या दिवसाचा नायक ठरला, कारण तेथे फटक्यांची नोंद ठेवणारे कोणी तरी होते. उलट, २०२२ साली नवी मुंबईत नेरूळच्या मैदानावर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि स्पेनने कोलंबियावर १-० असा विजय मिळवला. तो एकमेव गोल कोलंबियाच्याच खेळाडूकडून झालेला स्वयंगोल होता. विजेत्यांच्या नेमबाजीविषयी त्या १-० मधून काय कळावे?

अर्थात, आकडे मोजले म्हणजे सत्य हाती आले, असेही नाही. चार्ल्स रीप नावाचे इंग्लंडच्या हवाई दलातील एक हिशेबनीस १९५० साली स्विंडनच्या मैदानावर वही-पेन्सिल घेऊन बसले आणि पुढे कित्येक वर्षे प्रत्येक पास, प्रत्येक फटका टिपत राहिले. १९६८ साली बर्नार्ड बेंजामिन यांच्यासमवेत त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. सुमारे १० फटक्यांमागे १ गोल, हे त्यांचे निरीक्षण आजही मार्गदर्शक वाटते. परंतु सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात, म्हणून चेंडू लांब भिरकावून द्यावा, हा निष्कर्ष फसवा होता. कारण त्यांच्याच नोंदींत ९० टक्क्यांहून अधिक चाली तीन पासांच्या आतच संपत होत्या! म्हणजे लांबलेल्या चाली संख्येने थोड्या असूनही त्यांच्या मानाने अधिक गोल देत होत्या. अंश पाहिला, छेद विसरला. गणिताच्या तासाला मुले करतात तीच ही चूक.

दुसरा धोका पातळीचा. गोलाची चौकट ८ यार्ड रुंद आणि ८ फूट उंच. जगज्जेत्या संघाचा उंचापुरा गोलरक्षक आणि पाच फुटांचा शाळकरी मुलगा, दोघेही तिच्याच खाली उभे राहिले, तर दोघांचे प्रमाण एकाच तराजूत कसे तोलावे? डोक्यावरून जाणारा साधा उंच चेंडूही त्या मुलाच्या हाताबाहेरचा असतो. म्हणून शाळेतील गोलरक्षकाची तुलना त्याच स्पर्धेतील, त्याच वयोगटातील गोलरक्षकांशीच व्हावी.

शिवाय सगळे फटके सारखे नसतात. अव्वल दर्जाच्या फुटबॉलमध्ये १२ यार्डांवरून मारलेल्या पेनल्टीपैकी चारांतल्या सुमारे तीन गोलात जातात. दूरवरून मारलेला फटका क्वचितच जातो. आज मोठ्या स्पर्धांत प्रत्येक फटक्याची अशी शक्यता काढून ‘अपेक्षित गोल’ मोजतात आणि गोलरक्षकाने त्याहून कमी गोल दिले की अधिक, हे पाहतात. त्यासाठी कॅमेरे लागतात, यंत्रे लागतात. आपल्या शाळांकडे ती नाहीत. पण त्यामागचा विचार फुकट मिळतो.

म्हणून सूचना साधी आहे. संघाबाहेर बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती रेघा आखलेली वही द्यावी. चार रकाने पुरेत: गोलाच्या रोखाने आलेले फटके, त्यांतले चौकटीजवळून किती, दुरून किती आणि अडवलेले किती. एका सामन्याच्या आकड्यांवर निर्णय देऊ नये, कारण चार-सहा फटक्यांत दैवाचाच वाटा मोठा असतो. पण हंगामभराची वही निवडीच्या दिवशी मेजावर असावी. निवड करणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलेही जमेस धरावेच. वहीने त्यांची जागा घ्यायची नाही. त्यांना एक प्रश्न अधिक विचारायला लावायचा आहे.

दुबळ्या संघाचा गोलरक्षक हा सर्वांत अधिक काम करणारा आणि सर्वांत कमी गुण मिळवणारा विद्यार्थी असतो. त्याच्या उत्तरपत्रिकेतील चुका आपण आजवर काटेकोरपणे मोजत आलो. त्याला किती प्रश्न घातले होते, हेही मोजले पाहिजे.