कंपनीचं २४, तुमचं १५ : फुकट डिलिव्हरीचा खरा हिशोब

आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" शोरूमवाला एक आकडा सांगतो. आपण तो डोक्यात ठेवतो आणि पुढची पाच वर्षं त्याच आकड्यावर हिशोब मांडतो. गाडी घरची असेल तर ठीक आहे, महिन्याला थोडे पैसे जास्त गेले तरी चालून जातं. पण त्याच गाडीतून तुम्ही फरसाण, केक, टिफिन, मसाले पोचवत असाल तर तो आकडा तुमच्या मालाच्या किमतीत जाऊन बसलेला असतो. आकडा चुकला की किंमत चुकते.

किती चुकते ते बघा. समजा, तुमची ऑर्डर ३०० रुपयांची आहे आणि मार्जिन २० टक्के. म्हणजे ६० रुपये सुटतात. ग्राहक ५ किलोमीटरवर राहतो, "फ्री होम डिलिव्हरी" असं आपण पाटीवर लिहिलेलं आहे. जाऊन-येऊन १० किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू, तुम्ही तुमच्या गावचा भाव टाका. गाडी २४ चं अ‍ॅव्हरेज देते असं धरलं तर किलोमीटरला ४ रुपये ३८ पैसे, म्हणजे फेरीला साधारण ४४ रुपये. हातात १६ रुपये उरले. आपण म्हणतो, जाऊ दे, ग्राहक तर जोडला!

आता तीच गाडी प्रत्यक्षात १५ देत असेल तर? किलोमीटरला ७ रुपये, फेरीला ७०. साठ कमावले आणि सत्तर जाळले. कागदावर नफा, खिशात तोटा. आणि यात अजून टायर, सर्व्हिसिंग, तुमचा वेळ काहीच धरलेलं नाही.

ट्रेनिंगला येणाऱ्यांना मी कच्च्या मालाचा भाव विचारला तर पैशांपर्यंत पाठ असतो. बेसन किती, तेल किती, पिशवी किती. गाडी किलोमीटरला किती खाते हे विचारलं की उत्तर येतं, "वीस-बावीस देते की सर." देते की नाही, ते मोजायचं कसं हे आधी बघू, मग ते वाढवायचं कसं ते बघू.

मग कंपनी खोटं बोलते का?

नाही. कंपनीचा आकडा खरा असतो, फक्त तो तुमच्या रस्त्यावरचा नसतो. आपल्याकडे लोक त्याला "एआरएआयचं मायलेज" म्हणतात. एआरएआय ही आपल्या पुण्यातलीच, कोथरूडच्या टेकडीवरची संस्था. ही चाचणी प्रयोगशाळेत होते. गाडी रोलरवर उभी असते, चाकं फिरतात पण गाडी जागची हलत नाही. वेग कधी वाढवायचा, कधी कमी करायचा, किती सेकंद थांबायचं, हे सगळं आधी ठरलेलं. साधारण वीस मिनिटांचा खेळ, वेग ताशी ९० च्या वर जात नाही, आणि एसी बंद. सिंहगड रोडची संध्याकाळ त्यात नाही, डिक्कीत ठेवलेली तेलाची चार डबडी नाहीत, की समोर अचानक आडवी आलेली रिक्षा नाही.

अशा चाचणीत १ लिटर इंजिनाच्या पेट्रोल वॅगन आरला मॅन्युअल गियरमध्ये लिटरला २४.३५ किलोमीटर मिळतात, पेट्रोल इकोला १९.७१. या आकड्यांचा उपयोग एकच, दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करणं. डिलिव्हरीचा दर ठरवायला ते घेऊ नका.

तुमचा स्वतःचा आकडा

यासाठी अ‍ॅप लागत नाही, चाळीस पानी वही पुरते. पंपावर टाकी फुल करा. नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं, "अजून थोडं टाक" म्हणायचं नाही. ट्रिप मीटर शून्यावर आणा. नेहमीसारखी गाडी चालवा, मुद्दाम जपून नको. तीनशे-चारशे किलोमीटर झाले की शक्यतो त्याच पंपावर पुन्हा टाकी फुल करा. जितके किलोमीटर झाले त्याला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागा. हे लागोपाठ तीन वेळा करा, कारण एका वेळचा आकडा फसवा निघू शकतो. तिन्ही वेळचे किलोमीटर आणि लिटर एकत्र करून भागाकार केला की खरा आकडा हाती येतो.

अडचण कुठे येते सांगू? आपली सवय "पाचशेचं टाक" अशी असते. टाकीत आधी किती होतं माहीत नाही, नंतर किती उरलं माहीत नाही. अशाने वर्षभर पेट्रोल भरलं तरी अ‍ॅव्हरेज कळणार नाही. कॅशफ्लोमुळे दर वेळी टाकी फुल करणं जमत नसेल तर निदान मोजणीच्या काळात करा.

मग पेट्रोलच्या भावाला त्या आकड्याने भागा. १५ आला तर ७ रुपये, १८ आला तर ५ रुपये ८३ पैसे. हा तुमचा किलोमीटरचा दर. बेसनाच्या भावाशेजारी लिहून ठेवा.

दिवसाला ४० किलोमीटर आणि महिन्याला २६ दिवस धरले तर १,०४० किलोमीटर होतात. १५ च्या अ‍ॅव्हरेजने महिन्याला सुमारे ७,२८० रुपये जातात, १८ ने ६,०६७. फरक बाराशे रुपयांचा, वर्षाचे साडेचौदा हजार. अनेकजण इथे म्हणतात, जास्त अ‍ॅव्हरेजवाली नवी गाडीच घेतो. अहो, महिन्याला बाराशे वाचवायला नऊ-दहा हजारांचा हप्ता लावून घ्यायचा? १५ चं १८ करायला बऱ्याचदा गाडी बदलावी लागत नाही, चालवणं बदलावं लागतं.

पेट्रोल नेमकं जातं कुठे?

पेट्रोल जाळून आपण गाडीला वेग देतो आणि ब्रेक मारला की तो वेग उष्णता होऊन हवेत जातो. म्हणजे प्रत्येक ब्रेकमागे काही पैसे आधीच जळलेले असतात. यातली खरी गोम अशी की गाडीत साठलेली ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४० वरून थांबण्यापेक्षा ६० वरून थांबताना सव्वादोन पट ऊर्जा वाया जाते. दोन सिग्नलमधलं अंतर तेवढंच, पुढचा सिग्नल लाल आहे हे लांबून दिसतंय, तरी आपण रेस देऊन ६० करतो आणि करकचून थांबतो. शेजारचा ४० ने येतो आणि त्याच सिग्नलला आपल्या बाजूला उभा राहतो. एकाच वेळी सुटतो दोघं!

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने दिलेल्या माहितीप्रमाणे अशा घाईच्या, झटक्यांच्या ड्रायव्हिंगने थांबत-निघत चालणाऱ्या रहदारीत मायलेज १० ते ४० टक्क्यांनी घसरू शकतं. रस्ते त्यांचे वेगळे, पण ब्रेकचं गणित सगळीकडे सारखं. म्हणून पहिली सवय म्हणजे लांब बघायचं. समोरच्याच्या बंपरकडे नाही, त्याच्या पुढच्या दोन-तीन गाड्यांकडे. थांबावं लागणार असं दिसलं की पाय रेसवरून आधीच काढायचा.

आणि पाय काढल्यावर न्यूट्रल करायचं नाही. हा मुद्दा नीट वाचा, कारण आपल्याकडे जुन्या ड्रायव्हरांची शिकवण बरोबर उलट आहे. कात्रजचा किंवा खंबाटकीचा उतार आला की गाडी न्यूट्रल मारायची, पेट्रोल वाचतं, असं सांगितलं जातं. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडंफार तथ्य होतं. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गियर टाकलेला असताना तुम्ही रेस सोडली की इंजिनाचं पेट्रोल जवळपास पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलं की मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल सोडावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोलही जातं आणि इंजिनाचा ब्रेकही मिळत नाही. घाटात माल भरलेल्या गाडीला हे परवडणारं नाही, ब्रेक तापून धरेनासे होतात.

हायवेला गोष्ट वेगळी. तिथे ब्रेक कमी, शत्रू हवा. हवेचा विरोधसुद्धा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० च्या जागी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. दहा किलोमीटरमागे वाचतो किती वेळ? दीड मिनिट. वर कॅरियरवर माल बांधला असेल तर अजून वाईट. मोठ्या रूफ बॉक्सने हायवेला ६ ते १७ टक्के फटका बसतो, असं त्याच विभागाची माहिती सांगते. मागच्या सीट पाडून माल आत बसत असेल तर आतच बसवा.

वजनाचं फार मनावर घेऊ नका. साधारण ४५ किलोमागे १ टक्का, छोट्या गाडीला थोडं जास्त. माल तर न्यायचाच आहे. पण मार्चमधल्या प्रदर्शनाचं टेबल ऑगस्टपर्यंत डिक्कीत फिरत असेल तर ते काढा. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी बघा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो, आणि माल भरायचा असेल तर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो तो घ्या. एसीबद्दल घरोघरी वाद असतात. कडक उन्हात छोट्या-छोट्या फेऱ्यांत एसीने मायलेज चांगलंच पडतं, हे खरं आहे. पण गाडीत क्रीमचा केक असेल तर एसी हा तुमचा पॅकिंगचा खर्च आहे. लावा, आणि दरात धरा.

डिलिव्हरीवाल्यांचा खास खर्च मात्र वेगळाच आहे, तो म्हणजे चालू ठेवलेली गाडी. सोसायटीच्या गेटवर इंजिन चालू, वॉचमनकडे एंट्री, लिफ्टची वाट, सुट्टे पैसे. छोटं इंजिन जागेवर उभं राहून तासाला अर्धा-पाऊण लिटर सहज पितं, एसी असेल तर आणखी. दिवसाला १५ घरं, प्रत्येकी ४ मिनिटं, झाला एक तास. ०.६ लिटर धरा, ६३ रुपये. महिन्याला १,६३८ रुपये, आणि गाडी एक इंचसुद्धा पुढे गेलेली नाही! किल्ली फिरवायला पैसे पडत नाहीत. गाडी उघडी आणि चालू सोडून जाणं तसंही धोक्याचं.

दुसरा खास खर्च म्हणजे थंड इंजिन. इंजिन तापेपर्यंत ते जास्त पेट्रोल मागतं. सकाळी ३ किलोमीटरची एक फेरी, अकराला दुसरी, दुपारी तिसरी, असं केलं तर गाडी दिवसभर "आत्ताच सुरू केलेली" राहते. गार इंजिनाच्या अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्यांना तेवढ्याच अंतराच्या एका सलग फेरीपेक्षा दुप्पटसुद्धा पेट्रोल लागू शकतं. त्यामुळे डिलिव्हरीच्या वेळा ठरवून टाका, सकाळी एक फेरी आणि संध्याकाळी एक. ग्राहकाला "कधी पाठवू?" न विचारता "अकराला पाठवू की सहाला?" असं विचारा. बहुतेकांना चालतं.

हल्ली प्रत्येकजण इथेनॉलला दोष देतो. थोडा आहेच. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलवर अ‍ॅव्हरेज काही टक्के खाली येणारच. पण २४ चं १५ इथेनॉलने होत नाही. आणि पंपावर काय मिळतं ते तुमच्या हातात नाही, रेसवरचा पाय आहे.

दोन गाड्या असतील तर

एक वरवर न दिसणारी गोष्ट. समजा, तुमची इको १२ देते आणि छोटी कार २०. इकोचं १५ केलं तर १०० किलोमीटरमागे साधारण १.६७ लिटर वाचतात. कारचं २० वरून २५ केलं तर फक्त १ लिटर. ऐकायला पाचची वाढ मोठी, पैसे मात्र तीनच्या वाढीत जास्त. म्हणून जी गाडी जास्त पिते तिच्यापासून सुरुवात करा.

गाडी दुसरा कुणी चालवत असेल तर त्याच्यावर ओरडून काही होत नाही. "दादा, तू गाडी हाणतोस" म्हटलं की तो म्हणणार, "साहेब, ट्रॅफिक बघा ना." त्यापेक्षा वही त्याच्याच हातात द्या. तारीख, मीटरचं रीडिंग, लिटर, रुपये, एवढे चारच रकाने. पहिला महिना काही बोलू नका, फक्त लिहू द्या. दुसऱ्या महिन्यापासून सांगा की पहिल्या महिन्याच्या अ‍ॅव्हरेजवर जे काही वाचेल त्यातलं निम्मं तुझं. वरच्या उदाहरणात बाराशे वाचले तर सहाशे त्याला, सहाशे तुम्हाला. फक्त अट घाला की उशीर झालेल्या डिलिव्हरी वाढता कामा नयेत, नाहीतर तो तीसने गाडी चालवून टिफिन गार करेल.

आणि आता पाटी बदला. किलोमीटरचा दर कळला की फ्री डिलिव्हरी किती अंतरापर्यंत आणि किती रुपयांच्या ऑर्डरवर परवडते ते काढता येतं. ७ रुपये दर असेल तर ५ किलोमीटरवरच्या एकट्या ऑर्डरचे ७० रुपये निघायला २० टक्के मार्जिनवर ३५० ची ऑर्डर लागते, तीसुद्धा शून्य नफ्यावर. तिथे ६०० च्या खालच्या ऑर्डरला चार्ज लावा. मात्र त्याच सोसायटीत त्याच फेरीत तीन ऑर्डर असतील तर एकीच्या वाट्याला २३-२४ रुपयेच येतात, तेव्हा तिघांनाही फ्री द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर सोसायटीवार वार ठरवून टाका, मंगळवार या बाजूचा, शुक्रवार त्या बाजूचा. आणि अंतर धरताना परत येण्याचे किलोमीटर धरायला विसरू नका, गाडी रिकामी आली तरी पेट्रोल लागतंच.