टायर घेताना जमीन बघा

मोटारसायकल घ्यायची ठरली की घरात चार दिवस खल चालतो. ॲव्हरेज किती, हप्ता किती, रंग कोणता, शोरूमवाला सूट किती देतो, हे सगळं आपण विचारतो. टायरबद्दल मात्र एकही प्रश्न विचारत नाही. पुढे दोन वर्षांनी टायर गुळगुळीत झाला की दुकानात जाऊन म्हणतो, ‘दाखवा एखादा मजबूत.’ ज्याची नक्षी जास्त खोल, ज्याचे ठोकळे जास्त मोठे, तो मजबूत, अशी आपली समजूत असते. मित्रहो, आज या समजुतीबद्दलच बोलायचं आहे. आपल्या खानदेशातल्या कडक, कोरड्या, दगडी वाटांवर टिकणारा टायर ओळखायचा कसा आणि घेतल्यावर टिकवायचा कसा, ते पाहू. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. आकाशवाणीवरून ते सांगताही येत नाही. पण खुणा सांगतो. त्या बघून कोणीही पारख करू शकेल.

आधी आपली जमीन बघू. खानदेश एक असला तरी इथली जमीन एकसारखी नाही. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात तापीकाठची खोल गाळाची जमीन आहे. केळीच्या बागेतून जाणारी वाट उन्हाळ्यातही तशी मऊच असते. साक्री, शिंदखेडा, धुळे तालुक्याकडे वळलात की चित्र बदलतं. तिथे वरचा मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेला हा बेसॉल्ट. धुळे-नंदुरबार भागात तर माळरानावर भिंत बांधल्यासारख्या कातळाच्या लांबच लांब रांगा दिसतात. त्या म्हणजे जमिनीच्या भेगांत घुसून थिजलेला लाव्हाच. हा दगड फुटला की त्याला धार येते. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याच्या वाटा आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराकडे चढणारे रस्ते याच दगडाचे. त्यात मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. काळी जमीन वाळून विटेसारखी होते. कपाशी आणि तूर काढल्यावर शेतात धसकटं उरतात, बांधावर बाभळीचे काटे असतातच. टायरला या सगळ्याशी रोज झुंजावं लागतं.

मी बरीच वर्षं मोटार मेकॅनिकचं काम शिकणाऱ्या मुलांना शिकवलं. पंक्चरच्या दुकानातून बाद टायर आणायचे, आडवे चिरायचे आणि तो कशानं गेला ते सांगायचं, असा एक धडा मी त्यांना देत असे. टायर पूर्ण झिजून, म्हातारपणानं गेला, असं फार कमी वेळा आढळायचं. कुणाच्या बाजूला चीर पडलेली, कुणाचे ठोकळे मुळापासून तुटलेले, कुणाच्या आतल्या बाजूला दुमडल्याचे काळे वण. सोबतच्या ट्यूबवर साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं. म्हणजे आपल्याकडे टायरचे वैरी तीन : उष्णता, धारदार दगड आणि चुकीची हवा घालून वाहिलेलं ओझं. टिकाऊ टायर म्हणजे या तिघांना पुरून उरणारा.

आता नक्षीकडे येऊ. मोठे, उंच, लांब-लांब बसवलेले ठोकळे कशासाठी असतात? ते चिखलात, वाळूत, भुसभुशीत मातीत रुतून पकड घेण्यासाठी. कडक जमिनीत ठोकळा रुतत नाही, तो नुसता टोकावर उभा राहतो. जमिनीला टेकणारं रबर त्यामुळे कमी होतं. ब्रेक लावला की उंच ठोकळा वाकतो, सोडला की सरळ होतो. हे सतत वाकणं म्हणजे उष्णता. तापलेलं रबर मऊ पडतं आणि धारेच्या दगडावर त्याचे लचके निघतात. डांबरी रस्त्यावर तर असा टायर खोडरबरासारखा झिजतो. म्हणून कडक जमिनीसाठी ठोकळे बुटके, रुंद आणि एकमेकांच्या जवळ हवेत. मधल्या पट्ट्यात ते जवळजवळ जोडलेले असले तर उत्तम, कारण सरळ चालताना सगळं ओझं तिथे येतं. कडेला ते थोडे सुटे असावेत. मुरमाच्या वळणावर कडेच्या ठोकळ्यांचा आधार लागतो.

रबराचा प्रकारही महत्त्वाचा. १८३९ साली चार्ल्स गुडइयरनं रबरात गंधक घालून ते तापवलं आणि चिकट रबराला बळ आलं. पुढे त्यात काजळी मिसळू लागले. टायर काळा दिसतो तो या काजळीमुळे, आणि घासाला टिकतो तोही तिच्यामुळेच. हे मिश्रण कारखान्यात कमी-जास्त कडक करता येतं. मातीवरच्या शर्यतींत एक गमतीचा नियम पाळतात : जमीन मऊ तर रबर कडक, जमीन कडक तर रबर मऊ. कडक जमिनीवर ठोकळा रुतत नाही, म्हणून मऊ रबरानं तिला चिकटून राहायचं. पण शर्यतीच्या टायरनं शर्यत पार पाडली की त्याचं काम झालं. आपल्याला तो दोन-तीन वर्षं वापरायचा असतो. म्हणून आपल्यासाठी मधला मार्ग बरा. फार मऊ रबर झिजतं, फार कडक रबर घसरतं. पूर्ण शर्यतीच्या धाटणीचा टायर रुबाबदार दिसतो खरा, पण दूध घालायला जाणाऱ्या गाडीचं ते काम नव्हे.

टायरच्या बाजूवर बरंच काही छापलेलं असतं. ते आपण वाचत नाही, म्हणून दुकानदार सांगेल ते खरं मानावं लागतं. उदाहरण घ्या. १०० सीसीच्या अनेक गाड्यांच्या मागच्या टायरवर ‘२.७५-१८, ४८ पी’ असं असतं. २.७५ इंच ही रुंदी, १८ इंच हे रिमचं माप. ४८ हा ओझ्याचा आकडा. त्याचा अर्थ ४८ किलो नव्हे. तक्त्याप्रमाणे ४८ म्हणजे १८० किलो. पुढच्या टायरवरच्या ४२ चा अर्थ १५० किलो. ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग.

आता ढोबळ हिशेब करू. गाडी ११० किलोची. तिचं साधारण अर्धं, म्हणजे ५५-६० किलो, मागच्या चाकावर. ६५ किलोच्या चालकाचे ४० किलो तरी मागे. मागे बसलेल्या ६० किलोच्या माणसाचा बहुतेक सगळा भार तिथेच. त्यात वीस-वीस लिटरचे दोन दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना, भांड्यासकट ५० किलो. बेरीज २०० किलोच्या आसपास जाते. टायरची मर्यादा १८०. वर रस्ता दगडांचा. असा टायर अकाली गेला तर दोष कंपनीचा म्हणायचा का? नेहमी ओझं वाहणाऱ्यानं गाडीला बसणारा, पण जास्त ओझ्याच्या आकड्याचा टायर मागून घ्यावा. ‘४ पीआर’, ‘६ पीआर’ असंही लिहिलेलं असतं. आतल्या धाग्यांच्या सांगाड्याची ती ताकद. मागच्या चाकाला ६ बरा. मात्र गाडीच्या पुस्तकात दिलेलं माप सोडून फार रुंद टायर बसवू नये. तो रिमवर नीट बसत नाही आणि चिमट्याला किंवा चेनकव्हरला घासतो.

बाजूवरच चार आकडी तारीख असते. २३२४ असेल तर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तो टायर तयार झाला. पत्र्याच्या दुकानात दोन-तीन उन्हाळे काढलेला टायर नवा दिसला तरी त्याचं रबर आतून वाळू लागलेलं असतं. आयएसआयची खूणही पाहावी. केंद्र सरकारच्या २००९ च्या आदेशानं ती टायरना सक्तीची केली आहे. आणि टायरवर बाण असेल तर चाक फिरण्याची दिशा तीच ठेवून बसवायला सांगावं.

ट्यूबलेस घ्यावा की ट्यूबचा, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. काटा घुसला तर ट्यूबची हवा झटकन जाते. ट्यूबलेसमध्ये काटा जागेवर राहिला तर हवा हळूहळू जाते, घरी पोचता येतं. काट्यांच्या मुलखात हा मोठा फायदा. पण त्याला रिम चांगली लागते. दगडावर आपटून रिमची कड वाकली की तिथून हवा सुटते. ॲलॉय रिम जोरात आपटली तर तडकते. तारांची रिम वाकली तर तिची आउट काढता येते. मात्र तारांच्या भोकांमुळे साध्या रिमला ट्यूबलेस चालत नाही. म्हणून दिवसभर दगडांतून जाणाऱ्याला तारांची रिम आणि जाड ट्यूब, तर डांबर आणि शिवाररस्ता असा मिळून प्रवास करणाऱ्याला ट्यूबलेस, अशी साधी विभागणी करता येईल. नव्या टायरमध्ये जुनी, चार ठिगळांची ट्यूब घालू नये. ताणून सैल झालेली ट्यूब आत चुणते आणि चुणीवर फाटते.

आता हवेविषयी. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरनं मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. तेव्हापासून ओझं पेलते ती मुख्यतः आतली हवा. रबर तिला धरून ठेवतं. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला दुमडतो आणि तापतो. दगडावर आदळला की ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चेंगरते. ती दोन भोकं पडतात ती अशी. नदीच्या वाळूत हवा थोडी कमी केली तर चाक रुतत नाही, हे खरं. पण तीच युक्ती दगडी वाटेवर केली तर टायरही जातो आणि रिमही.

हवा सकाळी, गाडी थंड असताना भरावी. ३० अंशांवर भरलेली २८ पौंड हवा, टायर ७० अंशांपर्यंत तापला की आपोआप ३३-३४ पौंड होते. दुपारी वाटेतल्या पंपावर आकडा जास्त दिसतो म्हणून हवा सोडू नये. गाडी थंड झाल्यावर ती कमी भरेल. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात असतं, मागे माणूस किंवा ओझं असेल तेव्हाचा आकडा वेगळा दिलेला असतो. तो पाहावा.

एवढं सगळं करून घेतलेला टायर तीन वर्षं टिकला, तर आणखी एक वर्ष ओढायचा मोह होतो. इथे मात्र सावध राहायला हवं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. नक्षीच्या खाचांत लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. काही ठिकाणी गुळगुळीत टायरवर गरम हत्यारानं पुन्हा नक्षी कोरून देतात. त्यानं रबर वाढत नाही. उरलेलं पातळ होतं आणि आतले धागे उघडे पडतात. तसंच पाच-सहा वर्षांचा, बाजूला बारीक भेगा पडलेला टायर, नक्षी शिल्लक असली तरी काढावा. उन्हाळ्यात वाळलेलं हेच रबर जूनच्या पहिल्या पावसात, धूळ आणि तेलानं निसरड्या झालेल्या डांबरावर घसरतं. आणि काटकसर करायचीच झाली तर ती पुढच्या टायरवर कधीच करू नये. मागचं चाक घसरलं तर गाडी बऱ्याचदा सावरता येते, पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही.

दुकानात जाण्यापूर्वी आठवडाभर एक नोंद ठेवा. रोज किती किलोमीटर डांबर, किती मुरूम-दगड, मागे किती ओझं. अमळनेर-पारोळ्याच्या डांबरी रस्त्यानं नोकरीला जाणाऱ्याला साधी नक्षी पुरेशी आहे. निम्मा रस्ता शिवारातला असेल तर जवळ-जवळ ठोकळ्यांचा टायर मागच्या चाकाला घ्यावा. सातपुड्यातल्या पाड्यांवर रोज जाणाऱ्या शिक्षकानं, आरोग्यसेवकानं दोन्ही चाकांना तसा घ्यावा आणि मागच्याला जास्त ताकदीचा. नवा टायर बसवल्यावर पहिले दीड-दोनशे किलोमीटर बेतानं चालवावी. वरचा गुळगुळीत थर गेल्यावरच तो पकड घेतो.

त्या पाड्यांवर मोटारसायकल हीच पुष्कळदा रुग्णवाहिका असते. रात्री ताप चढलेलं पोर किंवा अडलेली बाई घेऊन शिरपूरला, चोपड्याला सरकारी दवाखान्यात निघालेल्या माणसाला वाटेत पंक्चरचं दुकान उघडं मिळत नाही. म्हणून टायरची चौकशी सवडीनं, दिवसाउजेडी आणि चार खुणा पाहून करावी. हवा तर आजच पाहून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)