माता डुकरीण आणि प्राणवायूचा जाच

तेलाचा बुधला उघडा राहिला कीं तेल खवट होतें. चिरलेलें सफरचंद ताटांत पडून राहिलें कीं तांबूस पडतें. दोन्ही करामती प्राणवायूच्याच. ज्याच्यावांचून जीव जगत नाहीं, तोच वायु संधि मिळतांच स्निग्ध पदार्थ नासवितो. जिवंत शरीरांतहि हें अखंड चालू असतें. अन्नाचें ज्वलन होत असतां प्राणवायूचे कांहीं रेणु अर्धवट अवस्थेंत सुटतात व पेशींचीं स्निग्ध आवरणें आणि आंतील बीजद्रव्य यांना इजा करतात. शरीर त्यांचा बंदोबस्त करतेंच. पण बंदोबस्त अपुरा पडला म्हणजे होणाऱ्या ओढाताणीस शास्त्रज्ञ 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणतात.

डुकरिणीचें नांव काढतांच सुशिक्षित घरांत नाकें मुरडलीं जातात. परंतु मातृत्वासाठीं शरीराला द्यावें लागणारें मोल या प्राण्याइतकें उघड क्वचितच दिसेल. तिचा गर्भकाल सुमारें ११४ दिवसांचा. निवडीनें घडविलेल्या नव्या वाणाची डुकरीण एका वेतांत १२ ते १५, कधीं त्याहूनहि अधिक पिलें देते. गर्भाची खरी वाढ अखेरच्या महिन्यांत होते. व्याल्यावर ती भर दुधांत दिवसाला दहा किलोच्या आसपास दूध देते. तेवढ्या दुधापुरतें अन्न तिला खाववत नाहीं. मग अंगची चरबी व मांस झिजवून ती तें पुरविते. अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना येथील संशोधकांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत अशा बहुप्रसवा डुकरिणींचें रक्त वेळोवेळीं तपासलें. गर्भारपण पुढें सरकलें तशी पांढऱ्या पेशींतील बीजद्रव्याची मोडतोड वाढली व व्याल्यानंतरहि टिकून राहिली. विण्याच्या सुमारास रक्तांतील 'अ' व 'ई' जीवनसत्त्वें उतरलेलीं होतीं.

'ई' जीवनसत्त्वाचा शोधच मुळीं मातृत्वांतून लागला. १९२२ सालीं कॅलिफोर्नियांत हर्बर्ट एव्हन्स व कॅथरिन बिशप यांना गर्भ जिरून जाणाऱ्या उंदरिणींवरून त्याचा सुगावा लागला. पेशींच्या आवरणांत बसून तें स्वतः खर्ची पडतें व आवरण वांचवितें. त्याचा जोडीदार सेलेनियम. मिशिगनसारख्या प्रांतांत जमिनींत तें कमी, म्हणून धान्यांतहि कमी. तेथें धष्टपुष्ट दिसणारीं पिलें अकस्मात् मरत. १९७४ सालीं अमेरिकन सरकारनें डुकरांच्या खाद्यांत तें मिसळण्यास परवानगी दिली, तीहि दशलक्ष भागांत जेमतेम एक दशांश भागाची! कारण अधिक झालें कीं तेंच विष होऊन केस झडतात, खूर फाटतात.

'ई' जीवनसत्त्व वारेंतून गर्भाकडे फारच थोडें जातें. पिलूं जवळजवळ रिकाम्या हातांनीं जन्मतें आणि आपला वांटा पहिल्या चिकांतून उचलतें. आईच निःसत्त्व असेल तर चीकहि तसाच. यांत आणखी एक गोम आहे. डुकरिणीच्या दुधांत लोह अत्यल्प, म्हणून पिलांना पहिल्या कांहीं दिवसांतच लोहाची सुई टोंचतात. आणि लोह तर या दाहाला भडकविणारें! 'ई' व सेलेनियम यांची वाण असलेलीं पिलें याच सुईनें दगावल्याचीं उदाहरणें आहेत.

म्हणून जाणते पालक हीं द्रव्यें आधीं आईच्या खाद्यांत घालतात. केवळ तेवढ्यानें पिलांची संख्या हमखास वाढते, असें मात्र नाहीं. प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशीं जुळत नाहींत. उन्हाळ्यांत हा ताण अधिकच वाढतो, कारण डुकराला घाम असा येतच नाहीं. अशा वेळीं कांहीं पालक व्यालेल्या डुकरिणीच्या मानेवर पाणी थेंबथेंब ठिबकत ठेवतात.